रामटेके मॅडमचे बुडबुडे

साकोलीच्या शाळेत मी रुजू झालो तेव्हा राहायला जी खोली मिळाली, तिची एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक होती. मी मूळचा सिहोऱ्याचा. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती, पण माझे निम्मे नातेवाईक पलीकडच्या जिल्ह्यात गेल्याची सवय अजून व्हायची होती. साकोलीत ओळखीचं कोणी नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून एका बाईचा आवाज आला.

"थांब. थांब म्हणते ना. आता मार उडी. अरे, काहून घाई करते बाप्पा? पडला ना शेवटी."

थोडी शांतता. मग पुन्हा, "चाल, परत चढ."

मला वाटलं, घरात लहान मूल असेल आणि आई त्याला उड्या शिकवत असेल. दुसऱ्या दिवशीही तेच बोलणं, तोच धीर. मूल मात्र एकदाही रडलं नाही की हसलं नाही. शेवटी न राहवून मी विरजण मागायच्या निमित्ताने गेलो. दार उघडंच होतं. आत टीव्हीसमोर पन्नाशीच्या एक बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा, हातात व्हिडिओ गेमचा रिमोट. पडद्यावर पाण्यातून बुडबुडे वर येत होते आणि त्यांच्यावरून एक हिरवा बेडूक उड्या मारत चालला होता. बेडूक उडाला की बाईंच्या टाचाही जमिनीवरून उचलल्या जात.

स्वयंपाकघराच्या दारातून एक गृहस्थ कणकेचे हात पुसत बाहेर आले. "बसा जी सर," ते हळूच म्हणाले. "मॅडम आता बोलत नाही. बेडूक पाण्यावर आहे."

मी बसलो. बेडूक पडल्यावर बाईंनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी त्यांना ओळखलं. या आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या रामटेके मॅडम. शिक्षकांच्या खोलीत त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर वह्या तपासत बसत आणि गरजेपुरतं बोलत. त्यांच्या तासाला वर्गातून आवाज येत नसे.

"तुम्ही मराठीचे नवीन सर ना?" त्या म्हणाल्या. "विरजण नेजा. पण आधी हे पाहा, हा मोठा बुडबुडा आहे ना, यावर दोनदा उडता येते. मले आजच समजलं."

तो व्हिडिओ गेम त्यांच्या नागपूरच्या भाचीचा होता. भाची कॉलेजात गेली, तिचं त्यातलं मन उडालं, आणि एका सुटीनंतर ती तो मामीकडेच टाकून गेली. त्या एका कॅसेटमध्ये कितीतरी खेळ होते. गाड्या होत्या, विमानं होती, बंदुकाही होत्या. मॅडमनी त्यांतलं काहीच पाहिलं नाही. त्यांना फक्त बेडूक लागायचा. त्या खेळाचं नाव कुठल्या तरी परक्या लिपीत होतं. ते कोणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून घरात त्याला 'बुडबुडा' म्हणत. त्या काळात लोडशेडिंग फार. कोणाची चक्की कधी चालणार आणि कोणाची मोटर कधी, हे सगळं साकोलीत विजेच्या वेळा पाहून ठरे. रामटेक्यांच्या घरात बेडूक कधी चालणार, तेही तसंच ठरे. दिनकरराव, म्हणजे ते कणकेचे हात असलेले गृहस्थ, पोस्टात होते. सकाळी वीज असली की मॅडम म्हणत, "तुम्ही डाळीकडे पाहा, मी बेडकाकडे पाहते." आणि दिनकरराव खरोखर डाळीकडे पाहत उभे राहत.

मी एकदा त्यांना विचारलं, "मॅडम, तुम्ही वर्गात पृष्ठताण शिकवता. बुडबुड्यावर कोणी उभं राहू शकतं का?"

"नाही राहू शकत."

"मग हे तुम्हाला खोटं वाटत नाही?"

त्यांनी जरा विचार केला. "खेळातला बुडबुडाही फुटतेच ना. थांबलं त्याच्यावर की फुटते. पण आधी उडी देते, मंग फुटते. लय इमानदार आहे."

मॅडमना 'होत नाही' म्हणताना मी कधी ऐकलं नाही. शाळेत कोणी काही विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "होते का नाही, करून पाहू." नववीतल्या एकाने त्यांना विचारलं, बुडबुडा चेंडूसारखा टप्पा घेऊ शकतो का. प्रश्न टवाळीचाच होता. मॅडमनी तो खरा धरला. पुढच्या तासाला त्यांनी साबणाचं पाणी, मेडिकलमधून आणलेलं ग्लिसरीन आणि वाकवलेली तार आणली. बुडबुडे टेबलावर पडले, फुटले. वहीवर पडले, फुटले. हातावर, रुमालावर, डस्टरवर, सगळीकडे फुटले. मुलं कंटाळायच्या ऐवजी आता पैज लावायला लागली होती. तेवढ्यात हेडसर वर्ग का गोंगाट करतो आहे ते पाहायला दारात आले. थंडीचे दिवस होते, त्यांच्या गळ्यात लोकरीचा मफलर होता. एक बुडबुडा तरंगत गेला, मफलरवर टेकला आणि फुटला नाही. हलकेच वर उडाला, पुन्हा टेकला, पुन्हा उडाला.

हेडसर जागचे हलले नाहीत. ते डोळे खाली करून स्वतःच्या छातीकडे बघत होते.

"सर," मॅडम म्हणाल्या, "तो मफलर मले तासभर पाहिजे."

तासभर म्हणता म्हणता तो मफलर थंडी संपेपर्यंत प्रयोगशाळेत राहिला. हेडसरांनी नवा घेतला. कोरड्या लोकरीचे तंतू बुडबुड्याच्या पाण्याने भिजत नाहीत म्हणून तो फुटत नाही, हे त्या वर्गातला एकही मुलगा पुढे विसरला नसेल.

या बुडबुड्यांचं मॅडमना एवढं काय, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. एका संध्याकाळी वीज गेली आणि आम्ही तिघं ओसरीवर येऊन बसलो. दिनकररावांनी मुरमुरे भाजून आणले होते. मॅडम सहज बोलायला लागल्या.

"माझं माहेर एकोडीचं. मी जन्मली तवा आमचे लोक नुकतेच बौद्ध झाले होते. घरात बुद्धवंदना आली, बाबासाहेबांचा फोटो आला. पण तलाव काही आला नाही. तलावात आमच्या वस्तीच्या पोट्ट्याईले उतरू देत नव्हते. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की गाळातून बुडबुडे वर येत. मी काठच्या पाळीवर बसून पाहो. वाटे, एवढे बुडबुडे येऊन राहिले. एकावर पाय देला, मंग दुसऱ्यावर देला, तर पाणी न शिवता पल्याड जाता येईन."

हे त्या हसत हसत सांगत होत्या. तेवढ्यात वीज आली. मॅडम उठल्या. "चला, बेडूक वाट पाहून राहिला."

पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या बैठकीत त्यांनी हात वर केला तेव्हा सगळे चकित झाले. इतक्या वर्षांत त्यांनी संमेलनात कधी भाग घेतला नव्हता. "मी नाटक बसवते," त्या म्हणाल्या. "मराठीचे सर लिहितील."

नाटक सगळं त्यांच्या डोक्यातलं, मी फक्त संवाद लिहिले. एका मुलीच्या आईचं जाळं तलावाच्या तळाशी अडकतं. मुलगी ते सोडवायला खाली जाते आणि वर येणाऱ्या बुडबुड्यांवर उड्या मारत मारत परत येते. एवढीच गोष्ट. अडचण होती ती बुडबुड्यांची. मॅडमना रंगवलेले पुठ्ठे नको होते. पाय दिला की वर फेकतील असे बुडबुडे पाहिजे होते.

साकोली हायवेवरचं गाव, ट्रकच्या ट्यूबना तोटा नाही. शाळेसमोर बशीरभाईंचं पंक्चरचं दुकान होतं. मॅडम तिथे जाऊन उभ्या राहिल्या. बशीरभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, गाडी कौन सी है?"

"गाडी नाही. बुडबुडा आहे."

बशीरभाईंना त्यात काही विचित्र वाटलं नाही. त्यांनी जुन्या ट्यूब काढल्या, हवा भरली, एकेका बुडबुड्याला एकेक ट्यूब दोरीने आवळली. मॅडमनी वरून पोतं ताणून शिवलं, त्यावर पांढरी मच्छरदाणी चढवली, आत निळा बल्ब सोडला. वर्गात अंधार करून पाहिलं तर खरंच तलावातून काहीतरी वर येतंय असं वाटत होतं. पण त्यावर उभं राहणं कोणालाही जमेना. वर्गातल्या हुशार मुली आल्या, खेळाच्या संघातल्या आल्या. पाय ठेवला की ट्यूब एकीकडे कलंडायची आणि मुलगी दुसरीकडे. एकीचा कोपर सोलला. हेडसरांनी सांगितलं, "मॅडम, कोणाचा हात मोडला तर मला उत्तर द्यावं लागेल. सोमवारी मला एक मुलगी यावर नीट उडताना दाखवा. नाहीतर आपण आपलं समूहगीत ठेवू."

त्या रविवारी मॅडमनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही बसने एकोडीला, त्यांच्या माहेरगावी गेलो. करिष्मा नावाची एक मुलगी नववीत होती. तिचं घर ढिवरांचं, तलावात मासेमारी करणारं. सहामाहीत ती विज्ञानात नापास झाली आणि त्यानंतर शाळेत आलीच नव्हती. तलावाच्या पाळीवर तिची आई मासे निवडत बसली होती. करिष्मा पाण्यात होती, ट्रॅक्टरच्या ट्यूबवर चक्क उभी, हातात जाळ्याची दोरी. ट्यूब हलत होती आणि ती बोलत बोलत तिच्याबरोबर हलत होती.

"शाळेचं सांगाले आल्या असान," आई मान वर न करता म्हणाली. "पोरगी नापास झाली. आता कायले पाठवू?"

"शाळेचं नंतर पाहू," मॅडम म्हणाल्या. "मले उडी मारायले माणूस भेटून नाही राहिला."

करिष्मा काठाला आली. पाण्यातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, तुमच्याच विषयात गेली मी."

"हाव. मार्क मीच देले. पण आता माझ्यापाशी उडीचा पेपर आहे, आणि त्याच्यात आम्ही सगळे नापास आहो."

मग त्यांनी ट्यूबचे बुडबुडे, मच्छरदाणी, निळा बल्ब, सगळं सांगितलं. मुलीला हसू आलं. तिने ट्यूब मॅडमच्या पुढ्यात ढकलली. "आधी तुम्ही बसून पाहा. मंग मी येते."

मॅडम पाण्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "मॅडम, राहू द्या, पाणी थंड असेल." त्यांनी पर्स माझ्या हातात दिली, चपला काढल्या, पदर खोचला. करिष्माच्या आईने आता मान वर केली. ती उठली, माशांचे हात लुगड्याला पुसले आणि मॅडमचा हात धरून त्यांना पाण्यात उतरवलं. गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. मग दोघी मायलेकींनी मिळून त्यांना ट्यूबवर बसवलं आणि करिष्मा पोहत ती ट्यूब आत घेऊन गेली.

मी काठावर पर्स धरून उभा होतो. बऱ्याच आत गेल्यावर ट्यूब थांबली. मॅडमनी दोन्ही हातांनी ओंजळ भरून पाणी घेतलं आणि डोळ्यांना लावलं. नंतर पुन्हा घेतलं आणि प्यायल्या. त्या तिथे किती वेळ होत्या कोण जाणे. करिष्मालाही काहीतरी समजलं असावं, कारण तिने ट्यूब हलू न देता धरून ठेवली.

काठावर आल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "थंडं आहे."

परतीच्या बसमध्ये त्यांच्या साडीतून पाणी निथळत होतं. कंडक्टरने विचारलं, पडल्या का कुठे. "पडली नाही, उतरली," त्या म्हणाल्या आणि साकोली येईपर्यंत मधूनमधून एकट्याच हसत राहिल्या.

सोमवारी करिष्मा आली. हेडसरांसमोर ती पहिल्या बुडबुड्यावर चढली, दोन वेळा तो दाबून पाहिला आणि तिथून सरळ दुसऱ्यावर. शेवटच्या बुडबुड्यावरून ती हेडसरांच्या अगदी समोर उतरली. ते एक पाऊल मागे सरकले आणि म्हणाले, "ठीक आहे. ठेवा." त्यानंतर करिष्मानेच बाकीच्या मुलींना शिकवलं. खाली पाहायचं नाही, पाय कडक करायचे नाहीत, थांबायचं नाही. मॅडम मला म्हणाल्या, "पाहा, बेडूकही असंच करते. मले समजाले सहा महिने लागले."

संमेलनाला मैदान भरून लोक आले. एकोडीहून करिष्माचे आईवडील आणि अर्धी वस्ती आली. बशीरभाई दुकान बंद करून पुढच्या रांगेत बसले होते. पडदा उघडला, निळे बुडबुडे दिसले आणि लोकांमधून एक मोठा 'वा' उमटला. करिष्मा तळाशी गेली, जाळं सोडवलं, खांद्यावर टाकलं आणि परत निघाली. पहिला बुडबुडा, दुसरा बुडबुडा. तिसऱ्यावर पाय पडला आणि फस्स असा लांबलचक आवाज आला. ट्यूबच्या व्हॉल्वची पिन उडाली होती. बुडबुडा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसत गेला आणि मच्छरदाणीची एक सुरकुतलेली घडी उरली.

मैदानात हशा झाला. करिष्मा त्या घडीवर उभी, खांद्यावर जाळं. पडद्याआडून मी तिचा चेहरा पाहत होतो. नापास झाल्यावर ती शाळा सोडून गेली होती, आणि आता सगळं गाव हसत होतं. हेडसर पडदा पाडायला सांगत होते. मॅडमनी पडद्याची दोरी स्वतःच्या हातात गच्च धरली.

"राहू द्या सर. तिले विचार करू द्या."

करिष्माने हशा ओसरू दिला. मग कमरेवर हात ठेवून लोकांकडे पाहिलं. हे संवाद मी लिहिलेले नव्हते. "हसून काय राहिले जी?" ती म्हणाली. "तलावातला बुडबुडा आहे, फुटनच. दुसरा येऊन राहिला. दम धरा जरा."

बशीरभाई उठले. खिशात नवी पिन असणार हे सांगायला नकोच. पंप आणायला दुकानाकडे धावले, परत आले आणि चपला काढून स्टेजवर चढले. तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांनी हवा भरायला सुरुवात केली. ते थकल्यावर मी भरली. मी थकल्यावर करिष्माचे वडील स्टेजवर आले. शेवटी कोट घातलेले हेडसर पंप मारत होते आणि मैदान त्यांच्या प्रत्येक दाबाला टाळी देत होतं. बुडबुडा हळूहळू फुगत वर आला. त्याच्यातला निळा बल्ब पुन्हा दिसायला लागला. करिष्मा या सगळ्यात लोकांशी गप्पा मारत होती. तलावात कोणते मासे आहेत, कोणता मासा कोणत्या काकांसारखा दिसतो. ट्यूब पुरती फुगली तशी ती थांबली, दोन पावलं मागे गेली आणि उडाली. एवढ्या उंच ती तालमीतही उडाली नव्हती. टाळ्या थांबेनात. तिची आई शेजारणीला सांगत होती, "माझी पोरगी आहे."

करिष्मा दहावी झाली, विज्ञानात बऱ्यापैकी मार्क घेऊन झाली. पुढे पोलीस भरतीला उतरली. लांब उडीत तिला कोणी गाठू शकलं नाही, असं तिने मॅडमना फोन करून सांगितलं होतं. ती बातमी मॅडमनी आख्ख्या शाळेला सांगितली, शिपायापासून हेडसरांपर्यंत, आणि ज्यांनी आधीच ऐकली होती त्यांनाही.

नंतर माझी नेमणूक तुमसरकडे झाली. मॅडम निवृत्त झाल्या. फोन होत असत. एका सकाळी दिनकररावांचा फोन आला. मॅडम झोपेतच गेल्या होत्या, कसलंही दुखणं न होता. ते बोलताना अधूनमधून थांबत होते. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ अंगणात उभा होतो.

त्याच्या आदल्या वर्षी माझी त्यांची शेवटची भेट झाली होती. कामानिमित्त साकोलीला गेलो होतो. बसस्टँडजवळच्या मैदानात मेळा भरला होता. एका कोपऱ्यात हवा भरलेला मोठा रबरी किल्ला होता, लहान मुलांनी उड्या मारायचा, चारी बाजूंनी जाळी. त्याच्यासमोर मॅडम आणि दिनकरराव उभे होते. मॅडमचे केस पार पांढरे झाले होते. त्या तिकीटवाल्याशी बोलत होत्या.

"आजी, हे लेकरांसाठी आहे," तो सांगत होता.

"याले वजन किती झेपते, ते सांग."

"ते मला नाही माहीत, आजी."

"मंग तू काहून नाही म्हणून राहिला?"

तो मुकाट बाजूला झाला. मी जवळ गेलो तेव्हा मॅडमनी मला ओळखलं, तोंडभर हसल्या, "सर, दोन मिनिटं," असं म्हणाल्या आणि जाळीतून आत शिरल्या. आधी त्या नुसत्याच उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून. शेजारच्या मुलीने उडी मारली तसा खालचा रबर उसळला आणि मॅडम पाठीवर पडल्या. दिनकरराव जाळीला धरून ओरडले, "मॅडम, लागलं का?" त्या उत्तर देऊ शकत नव्हत्या, इतक्या हसत होत्या. मुलांना आयताच खेळ सापडला. ती सगळी मॅडमभोवती गोल करून मुद्दाम उड्या मारायला लागली आणि मॅडम पडल्या पडल्या वर उडत होत्या, खाली येत होत्या.

माझी बस लागली होती. दिनकररावांना हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. स्टँडच्या फाटकातून एकदा वळून पाहिलं. दिनकररावांनी चपला काढल्या होत्या, चष्मा तिकीटवाल्याच्या हातात दिला होता, आणि धोतर सावरत ते जाळीतून आत शिरत होते.